शिकवून तयार केलेली पोरं टिकत नाहीत, काय करू?

वाळूज एमआयडीसीतल्या एका लघुउद्योजकाचं पत्र आहे. संगणकाच्या प्रोग्रॅमवर धातू कापणारी मशीन, म्हणजे पाच सीएनसी लेथ आणि दोन व्हीएमसी, दोन पाळ्या, एकूण 22 माणसं. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेली गंगापूर, पैठण, वैजापूर, जालना भागातली पोरं ते घेतात आणि कोरी असताना शिकवतात. गेल्या वर्षभरात 11 जण सोडून गेले: दोघं पहिल्या महिन्यातच, सहा जण चार ते नऊ महिन्यांच्या दरम्यान, आणि जूनमध्ये सहा वर्षं असलेला सेटर (मशीन कामासाठी लावून देणारा) दोन जुन्या ऑपरेटरना घेऊन शेजारच्या गाळ्यात गेला. ते लिहितात, “दोन हजारांसाठी पोरं जातात. निष्ठा राहिलीच नाही. आता ठरवलंय, जॉइन होतानाच मूळ मार्कशीट ठेवून घ्यायची, 50 हजारांचा चेक सही करून घ्यायचा आणि दोन वर्षांचा बाँड. नाहीतर ठेकेदाराकडून परराज्यातली मुलं आणायची. हे बरोबर आहे का?”

नमस्कार.

महिनाभर शेजारी उभं राहून ज्याला मायक्रोमीटर धरायला शिकवलं, तो पगाराच्या दुसऱ्या दिवशी फोन बंद करून गायब होतो, तेव्हा पैशांपेक्षा मनाला जास्त लागतं. तुमच्या पत्रात ते जाणवतं आणि ते चुकीचंही नाही. पण मार्कशीट आणि चेकवर येण्याआधी तुमच्याच आकड्यांकडे एकदा नीट बघू या. 11 जण गेले, हा एक आकडा नाही. त्यात तीन वेगळे आजार आहेत, आणि तिघांना एकच औषध चालणार नाही.

पहिल्या महिन्यात गेलेले दोघं तुम्ही निवडताना चुकलात म्हणून गेले, किंवा पहिल्या आठवड्यात त्यांना कुणी विचारलं नाही म्हणून. चार ते नऊ महिन्यांतले सहा जण हा तुमचा खरा प्रश्न. सेटर आणि त्याच्यासोबतचे दोघं हा तिसरा आणि सगळ्यांत महागडा. निष्ठा हा शब्द तिन्ही ठिकाणी लावला की पाणी कुठे मुरतंय ते कळत नाही.

मधल्या सहा जणांपासून सुरू करतो. चौथ्या महिन्यात तुमच्याकडच्या मुलाची स्थिती काय असते? जॉब (कापायचा तुकडा) लावायचा, सायकल स्टार्ट दाबायचं, काढायचा, पुसायचा, मोजायचा, ट्रेमध्ये ठेवायचा. दर दोन-तीन मिनिटांनी तेच. मशीन तो चालवतो, पण साइज हलला की सेटरला हाक मारावी लागते. सेटर येतो, पाठ करून उभा राहतो, ऑफसेटच्या (टूलच्या मापातल्या दुरुस्तीच्या) पानावर काहीतरी टाकतो आणि जातो. तिसऱ्या महिन्यात मुलगा हेच करत होता, नवव्या महिन्यातही हेच करणार. पुढे काय, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. मग रांजणगाव शेणपुंजीच्या खोलीत राहणारा जोडीदार म्हणतो, “आमच्याकडे चल, दोन हजार जास्त आहेत.” काम तेच असेल तर तो दोन हजार का सोडेल? तुम्ही तरी सोडले असते का?

त्या दोन हजारांचा हिशेबही त्याच्या बाजूने करून बघा. कागदावर 15,500 पगार असेल तर 12 टक्के पीएफ, 0.75 टक्के ईएसआयसी आणि 200 रुपये व्यवसाय कर जाऊन हातात साधारण 13,300 येतात. त्यातून खोलीचा वाटा, मेस, गाडीचा हप्ता, आणि घरी पाठवायचे. शिल्लक उरते ती अगदी थोडी, आणि त्या थोड्यात दोन हजारांची भर म्हणजे शिल्लक दुप्पट होण्यासारखं आहे. म्हणून रक्कम लहान म्हणून तिला हसू नका.

आता तुमचा हिशेब. नवा मुलगा दोन महिने निम्मंच उत्पादन देतो असं धरा: 31,000 पगारातले 15,500 गेले. सेटरचा रोजचा दोन तास वेळ त्याच्यामागे जातो. सेटरला 26,000 असतील तर तासाला 125 रुपये, दोन महिन्यांचे 104 तास, म्हणजे 13,000. रिजेक्शनचे 30 पीस, 150 रुपयांनी, 4,500. झाले 33,000, तुटलेले इन्सर्ट (टूलची कापणारी पाती) सोडून. सहा जणांचे 1,98,000. हेच पैसे 14 ऑपरेटरना महिन्याला सरासरी 1,000 वाढ म्हणून दिले असते, तर मालकाचा पीएफ-ईएसआयसीचा सुमारे 16 टक्के वाटा धरूनही वर्षाला 1,95,000 च्या आसपास झाले असते. तुम्ही तेवढा खर्च करताच आहात, फक्त तो गेलेल्या माणसांवर होतोय. तुमचे खरे आकडे टाकून हा हिशेब स्वतः मांडा. उत्तर माझ्यापेक्षा वेगळं येईल, पण शून्य येणार नाही.

पण सगळ्यांना सरसकट हजार वाढवू नका. सरसकट वाढ तिसऱ्या महिन्यात विसरली जाते, आणि शेजारचा गाळेवाला आणखी 500 वाढवून मोकळा होतो. वाढ कामाच्या पायऱ्यांना बांधा, आणि पायऱ्या मुलांना दिसू द्या.

चार पायऱ्या पुरतात. पहिली: जॉब लावणं-काढणं, व्हर्निअर आणि मायक्रोमीटरने अचूक मोजणं, तासाला एक पीस तपासून इन्स्पेक्शन शीट भरणं, चिप (धातूचा कीस) काढणं, कूलंटची पातळी बघणं. दुसरी: इन्सर्ट स्वतः बदलणं, ऑफसेट देणं, फर्स्ट पीस पास करून घेणं. तिसरी: सॉफ्ट जॉ (जॉब पकडणारे मऊ जबडे) बोअर करणं, टूल टच करणं (टूलचं टोक टेकवून त्याचं माप घेणं), सेटअप शीट बघून ओळखीच्या जॉबची सेटिंग ठरलेल्या वेळात करणं. चौथी: प्रोग्रॅममध्ये बदल, नवा जॉब सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रॅमची एकेक ओळ चालवत) काढून देणं. दुसऱ्या पायरीला 1,200, तिसरीला 2,000, चौथीला 3,000 अशी वाढ तुमच्या ऐपतीप्रमाणे ठरवा. पहिल्या पायरीला तीन महिने, दुसरीला साधारण आणखी सहा. हे सगळं एका फळ्यावर, शॉपच्या दाराशी: डावीकडे नावं, वर पायऱ्या, आणि कोण कुठे पोचला त्याची खूण. मुलगा रोज येता-जाता बघतो, आणि सुट्टीला गावाकडे गेल्यावर घरी सांगतो.

परीक्षा मशीनवरच घ्या, अर्ध्या तासाची. दुसऱ्या पायरीचा एक नमुना देतो. व्यास हवाय 24.96 ते 24.98, पीस निघाला 25.01. मुलाने 0.04 कमी करायला हवेत. कंट्रोलवर एक्स अक्षाचा आकडा व्यासाचा असतो, हे ज्याला माहीत नाही तो निम्मा करून 0.02 टाकतो आणि पीस 24.99 वर अडकतो. दशांश चुकून 0.4 टाकले तर पुढचा पीस 24.61, थेट भंगारात. तिसरी चूक सगळ्यांत फसवी: आधीच साचलेला ऑफसेट वजा 0.12 आहे, आणि मुलाने वजा 0.04 टाकून ‘प्लस इनपुट’ऐवजी नुसतं ‘इनपुट’ दाबलं. जुना आकडा पुसला गेला, व्यास उलट 0.08 ने वाढून 25.09 झाला. मुलगा म्हणतो, “मी बरोबरच टाकलं होतं.” आकडा त्याने खरंच बरोबर टाकलेला असतो, बटण चुकलेलं असतं. हे दहा मिनिटांत शिकवता येतं. तुमच्याकडे ते कुणी शिकवलं नसेल तर सहा महिने त्यावरून शिव्या मात्र मिळाल्या असतील.

नापास झाला तर काय राहिलं ते त्याच दिवशी लिहून द्या आणि पुढची तारीख सांगा. ही पद्धत बहुतेक ठिकाणी एकाच कारणाने मरते: कामाचा लोड आला की मालक म्हणतो, परीक्षा पुढच्या महिन्यात घेऊ. दोनदा असं झालं की फळा भिंतीवर राहतो आणि विश्वास जातो. म्हणून महिन्याचा एक दिवस ठरवा, आणि डिस्पॅच अडलं तरी तो मोडू नका.

आता सेटरकडे येतो. रागावू नका, पण तुमचं शॉप त्या एका माणसाच्या डोक्यात होतं. सेटिंग त्याच्या वहीत, प्रोग्रॅम त्याच्या पेनड्राइव्हमध्ये, सॉफ्ट जॉवरच्या खुणा फक्त त्याला कळणाऱ्या. त्याने पोरांना शिकवलं नाही, कारण शिकवून त्याला काही मिळत नव्हतं. उलट किंमत कमी होत होती. त्याच्याबरोबर जे दोघं गेले, ते तुमच्या शॉपमध्ये नोकरीला होते, पण माणसं त्याची होती.

नव्या सेटरबाबतीत दोन गोष्टी करा. प्रत्येक चालू जॉबची एका पानाची सेटअप शीट बनवा: ड्रॉइंग नंबर आणि सुधारणा क्रमांक, प्रोग्रॅम नंबर, टरेटच्या (टूल धरणाऱ्या फिरत्या चाकाच्या) कोणत्या स्टेशनला कोणतं टूल आणि इन्सर्टचा ग्रेड, जॉ कोणते आणि चक प्रेशर किती, जॉब जॉच्या बाहेर किती मिलिमीटर, कोणतं माप कोणत्या गेजने, कोणतं माप किती पीसनंतर हलतं. मोबाईलवर सेटिंगचे तीन फोटो काढून मागे चिकटवा. दिवसाला एक शीट केली तरी तीस-चाळीस जॉब दीड-दोन महिन्यांत संपतात. प्रोग्रॅमची प्रत दर आठवड्याला तुमच्या संगणकावर. दुसरं, सेटरच्या पगारात शिकवण्याचा भत्ता घाला: त्याच्या हाताखालचा मुलगा दुसऱ्या पायरीला पोचला की एकदाच 1,500, तिसरीला 2,500, आणि अर्धी रक्कम तो मुलगा पुढचे तीन महिने टिकल्यावर. मग तो पाठ करून उभा राहणार नाही. आणि मुलांवर ओरडणं चालणार नाही, हे त्याला एकट्याला बोलावून स्पष्ट सांगा. आईवरून दिलेली एक शिवी दोन हजारांपेक्षा जास्त माणसं घालवते, आणि सोडताना मुलगा ते तुम्हाला कधीच सांगत नाही. तो म्हणतो, “घरी अडचण आहे.”

पहिल्या महिन्यात जाणाऱ्यांचं औषध निवडीत आहे. कन्सल्टंटने पाठवलेल्या मुलाला “काम येतं का, कधीपासून येतो” एवढं विचारून उभं करू नका. पाऊण तास द्या. तुम्ही आधी मोजून ठेवलेले पाच पीस त्याच्याकडून व्हर्निअरने मोजून घ्या, साधं ड्रॉइंग वाचायला लावा, दशांशाची चार गणितं द्या. सगळं आलंच पाहिजे असं नाही. चुकलेलं माप दुसऱ्यांदा काळजीने घेतो का ते बघा. मग खोली कुठे, रात्रपाळीला येणार कसा, घरी शेती किती, हे विचारा. आणि तुमच्याकडचं खरं सांगा: रात्रपाळी एक आठवड्याआड, कूलंटने हात खराब होतात, पहिले तीन महिने जॉब लावणं-काढणंच, त्यानंतर हा फळा. हे ऐकून जो दारातूनच परत जातो त्याने तुमचा महिना वाचवला. एकाच गावची पाच मुलं एकाच पाळीत घेऊ नका. येतात एकत्र आणि जातातही एकत्र. मुलींचाही विचार करा. तपासणी आणि व्हीएमसीवर डिप्लोमा-आयटीआय झालेल्या मुली फार बारकाईने काम करतात. त्यासाठी वेगळं स्वच्छ शौचालय आणि दिवसपाळीची खात्री आधी हवी, जाहिरात नंतर.

शिकाऊ मुलं कायदेशीर मार्गानेही घेता येतात. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली नोंदणी करून घेतलं तर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून विद्यावेतनाच्या 25 टक्के, महिन्याला 1,500 रुपयांपर्यंत, सरकार उचलतं. पण त्याला स्वस्त हेल्पर म्हणून झाडूला लावलंत तर तोही जाणारच.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर, सरळ. मूळ मार्कशीट ठेवू नका. ती त्या लेकराची आहे. छायाप्रत घ्या, मूळ बघून लगेच परत द्या. सही केलेला चेक घेऊ नका, उद्या वाद झाला तर तो तुमच्याच अंगाशी येईल. भारतीय करार कायदा 1872, कलम 27 प्रमाणे कुणाला नोकरी सोडून दुसरीकडे काम करण्यापासून रोखणारा करार टिकत नाही. 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा बाँड वैध ठरवला हे खरं, पण तिथे तीन वर्षांच्या आत सोडल्यास भरपाई एवढंच होतं, आणि त्यामागे खर्चिक भरतीप्रक्रिया होती. जॉब लावायला शिकवलं म्हणून 50 हजार मागणं यात बसवता येणार नाही. तुम्ही एखाद्याला चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या ठिकाणी स्वतःच्या पैशांनी कोर्सला पाठवलंत तर गोष्ट वेगळी. मग कोर्सची खरी फी लिहून करार करा, आणि प्रत्येक महिन्याला ती रक्कम कमी होत जाऊ द्या: 12 महिन्यांचा करार असेल तर सहाव्या महिन्यात सोडणाऱ्याने निम्मीच द्यायची. असा करार मुलगाही मान्य करतो, कारण त्यात त्याला धाक कमी आणि फायदा जास्त दिसतो.

कागदपत्रांचा आग्रह उलट दिशेने धरा. नेमणूकपत्र द्या. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ते प्रत्येक कामगारासाठी सक्तीचं केलं आहे. त्यात पगार, पायरी, पाळी, रजा लिहा. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्या आणि पगारपत्रकात दाखवा. बोनसबद्दल तुम्ही ओघात लिहिलंय की दिवाळीला हजर असेल त्यालाच देता. ते चूक आहे: पगारमर्यादेत बसणाऱ्या आणि वर्षात 30 दिवस काम केलेल्याला त्याचा हिस्सा मिळतो, किमान 8.33 टक्के, तो सोडून गेला असला तरी. गेलेल्या मुलाचा बोनस बुडवला ही बातमी बजाजनगरच्या मेसमध्ये दोन दिवसांत पोचते, आणि पुढची चांगली मुलं तुमच्याकडे यायचं टाळतात.

परराज्यातली मुलं आणायला माझी हरकत नाही, चांगली मेहनती असतात. पण तीही छठ आणि होळीला गावी जातात, त्यांनाही पुढची पायरी हवी असते, आणि मध्ये ठेकेदार आला की तुमचं त्यांच्याशी नातं आणखी पातळ होतं.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण मराठवाड्यातल्या जवळपास प्रत्येक शॉपला लागू आहे. तुमची मुलं शेतकऱ्यांची आहेत. मृगाचा पाऊस पडला की पेरणी, पोळा, ऑक्टोबरला सोयाबीनची काढणी, मग कापूस. गावाकडून फोन येतो, मुलगा तीन दिवस मागतो, सुपरवायझर नाही म्हणतो, तो न सांगता जातो. तीनाचे सहा दिवस होतात. सातव्या दिवशी परत यायची त्याला लाज आणि भीती वाटते, म्हणून तो तुमच्याकडे न येता पलीकडच्या गल्लीत जॉइन होतो. हा मुलगा तुम्ही गमावला तो दोन हजारांमुळे नाही. म्हणून मे महिन्यातच प्रत्येकाला विचारून शेतीच्या सुट्ट्या फळ्यावर लिहा: वर्षातून दोनदा चार-चार दिवस, एका पाळीत एका वेळी एकच, पंधरा दिवस आधी सांगितलं तर हक्काने. वेळेवर परतला तर त्या सुट्टीचे दोन दिवस भरपगारी. आणि कुणी न सांगता गेला तर चौथ्या दिवशी तुम्ही स्वतः फोन करा. रागावायला नको, एवढंच विचारा, “पेरणी झाली का? सोमवारी येतोस ना?”

रात्रपाळीचा चहा-नाश्ता आणि येण्याजाण्याची गाडी ही मोठ्या कंपन्यांची ताकद आहे. तुम्ही एकट्याने बस लावू शकत नाही, पण आजूबाजूच्या तीन-चार गाळ्यांनी मिळून एक गाडी रात्रपाळीला लावता येते. मोठ्या गेटच्या आत गेलेली बरीच मुलं ठेकेदाराच्या हजेरीवर असतात आणि काही महिन्यांनी ब्रेक (कामात खंड) मिळून बाहेर येतात. त्या कंपन्यांना नावं ठेवू नका. तुमच्याकडे काय आहे तेवढं सांगा: पीएफ पहिल्या दिवसापासून, ब्रेक नाही, आणि सेटिंग शिकायला मिळतं.

काही जण तरीही जातील. तिसरी पायरी चढलेला मुलगा दोन वर्षांनी मोठ्या कंपनीत गेला तर त्याने तुमचं काही बुडवलेलं नाही. दोन वर्षं कमाई करून दिली आहे. त्याचा हिशेब नव्या नियमाप्रमाणे दोन कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करा, अनुभवाचं पत्र द्या, नंबर ठेवा. आज त्याच्यावर चिडून दार आपटलंत तर ब्रेक मिळाल्यावर तो दुसऱ्याच्या दारात जाईल.

सुरुवात या आठवड्यात अशी करा. एका वहीत गेलेल्या 11 जणांची नावं लिहा: आला कधी, गेला कधी, गाव, पाळी, कुणाच्या हाताखाली, पहिला पगार, शेवटचा पगार. मग त्यातल्या मधल्या सहा जणांना फोन लावा. “का गेलास” असं विचारू नका, त्याला ठरलेलं उत्तर मिळतं. विचारा, “सोडायचं कोणत्या दिवशी ठरवलंस? त्या दिवशी काय झालं होतं?” सहापैकी चार जरी मोकळं बोलले, तरी फळ्यावर पहिलं काय लिहायचं ते तुम्हाला कळेल. आणि फोन ठेवण्याआधी एखादा विचारेल, “साहेब, जागा आहे का अजून?” त्याला हो म्हणण्याची तयारी ठेवून फोन लावा.